वाचक विचारतात : पहिली जुनी मोटार, आधी पत्रा बघा, मग इंजिन

प्रश्न : वडिलांना आणि मला जुन्या छोट्या गाडीची हौस आहे. बजेट ३ लाख. रविवारी चालवायची, महिन्या-दोन महिन्यांतून कसारा घाट उतरून मुंबईला जाऊन यायचं. प्रीमियर पद्मिनी घ्यावी की सुरुवातीची मारुती ८००?
*(एक वाचक, नाशिक)*

आधी पैशांचं. ३ लाख हातात असतील तर गाडी २ लाखांच्या आतच बघा. उरलेला लाख पहिल्या वर्षातच लागतो. टायर, ब्रेकचं पूर्ण काम, रेडिएटर, वायरिंग, दारांची रबरं यांतलं काहीतरी निघतंच, आणि सगळं एकदम निघालं तर गाडी अर्धवट उघडून गॅरेजात पडून राहते. पहिल्या गाडीची हौस इथेच विरते.

आता निवड. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती बनली आणि १९७४ पासून पद्मिनी या नावानं विकली गेली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, साधं. बॉनेट उघडलं की प्रत्येक भाग दिसतो आणि हाताला लागतो. मात्र तिला लक्ष द्यावं लागतं. किंग पिनना, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या पिनांना, वेळच्या वेळी ग्रीस हवं. चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, ते सारखे जुळवून घ्यावे लागतात, नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांडीचे बुश झिजले की गिअर अडकतो. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोल पंपात वाफ धरते आणि गाडी मान टाकते. पंपावर ओलं फडकं ठेवायची टॅक्सीवाल्यांची युक्ती त्यासाठीच होती आणि ती आजही चालते. रेडिएटर मात्र चोंदलेला असता कामा नये. पद्मिनी एकदा खळखळून तापली की हेड (इंजिनाचं वरचं झाकण) वाकतं आणि त्याखालचं गॅस्केट जातं.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली. पहिली चौकोनी ठेवणीची गाडी १९८६ पर्यंतच निघाली. ती दिसते फार गोड, पण तिचे दिवे, काचा, बाहेरचा पत्रा आता सहज मिळत नाही. पहिल्या गाडीसाठी तिच्या मागे लागू नका. १९८६ नंतरची गोलसर ठेवणीची घ्या. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन तालुक्याच्या गावातला फिटरही उघडतो, आणि ही गाडी २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे इंजिनाच्या सुट्या भागांची अडचण नाही. घेतल्या घेतल्या टायमिंगचा पट्टा (व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारा), त्याची पुली आणि वॉटर पंप बदलून टाका. पट्टा तुटला की गाडी जागच्या जागी बंद पडते, आणि जुना पट्टा नुसता बघून कळत नाही.

आमचं मत असं : फियाटचं काम मनापासून करणारा मिस्त्री घरापासून १०-१५ किलोमीटरच्या आत असेल, तर पद्मिनी घ्या. वडिलांबरोबर रविवारी हात काळे करायला तिच्यासारखी गाडी नाही. असा मिस्त्री नसेल तर १९८६ ते ९५ मधली मारुती घ्या. आणि दोन्हींत ज्या गाडीचा पत्रा चांगला असेल, तिला झुकतं माप द्या.

प्रश्न : पद्मिनी बघायला जाताना नेमकं काय तपासायचं? सोबत मिस्त्री नसेल तर?
*(एक वाचक, सातारा)*

लोक इंजिनाचा आवाज ऐकतात आणि भुलतात. इंजिनाचं काम कुठेही होतं : बोअर, पिस्टन-रिंगा, हेडवर्क, खर्च आधी सांगता येतो. सडलेल्या पत्र्याचा खर्च कुणीच सांगू शकत नाही. एक ठिगळ लावायला कापलं की शेजारचं दोन इंच आणखी सडलेलं निघतं.

म्हणून दिवसाउजेडी, गाडी कोरडी असताना जा. एक छोटं लोहचुंबक रुमालात गुंडाळून न्या. दारांच्या खालच्या कडा, दाराखालचा उंबरठा, चाकांच्या कमानी, दिव्यांभोवतीचा भाग इथे ते फिरवा. चुंबक धरत नसेल तिथे रंगाखाली पुट्टी आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोका. पत्रा ठणठणतो, पुट्टी थपथपते. आतलं पायपुसणं उचला, ड्रायव्हरच्या पायाखालची फ्लोअर अंगठ्यानं दाबा. डिकीत स्टेपनी काढून तिच्या खालचा पत्रा बघा, बॅटरीचा ट्रे बघा. सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे मागच्या कमानपाट्यांचं टोक जिथे बॉडीला जोडलंय ती, आणि पुढच्या सस्पेन्शनच्या जोडाची. तिथे गंज पोखरून गेला असेल तर किंमत कितीही उतरली तरी परत फिरा. गाडीचं सगळं वजन त्यांवरच पेललेलं असतं.

किंग पिन तपासायला जॅक लावून पुढचं चाक उचला. चाक वरून-खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तो स्वस्तातला. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर किंग पिन किंवा सस्पेन्शनचे जोड झिजलेत. त्याचे पैसे किमतीतून कमी करून मागा. ब्रेकचं पेडल दाबून अर्धा मिनिट तसंच धरा. हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचे वॉशर गेलेत किंवा कुठेतरी गळती आहे.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर थांबा, इंजिन निवू द्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजून घेता आलं तर उत्तम. आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघा, १० टक्क्यांहून जास्त नको. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा.

एक गोष्ट मुंबईच्या पद्मिनीबाबत. काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून आलेल्या कित्येक गाड्या खासगी म्हणून रंगवलेल्या असतात. दाराच्या रबराखाली नख घालून जुना काळा रंग शोधा, छताच्या अस्तराजवळ पिवळा. डाव्या बाजूला मीटरच्या पट्टीची बुजवलेली भोकं आणि डिकीत सीएनजीच्या टाकीचे बोल्ट बसत त्या जागा सापडतात. टॅक्सी असणं हा काही दोष नाही, पण खासगीचा भाव देऊ नका, आणि आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) वापर बदलल्याची नोंद आहे का ते बघा.

किनाऱ्यावर, गोव्यात किंवा कोकणात वाढलेल्या गाडीपेक्षा सोलापूर, नगरकडची गाडी बघा. रंग उन्हानं उडालेला असेल, पत्रा शाबूत असतो.

प्रश्न : गाडी अगदी स्वस्तात मिळतेय, पण नोंदणी ६ वर्षांपूर्वी संपली आहे. मालक म्हणतात, "व्हिंटेजमध्ये करून घ्या."
*(एक वाचक, पुणे)*

घाई करू नका. व्हिंटेजची तरतूद पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या, व्यापारी वापरात नसलेल्या गाडीसाठी आहे. २०२१ च्या नियमांनुसार नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षं चालते. पण अशी गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच परवानगी. तुम्हाला ती चालवायची असेल तर साधं नूतनीकरण हवं : फॉर्म २५, आरटीओत तपासणी, पर्यावरण कर, पुढची ५ वर्षं. २० वर्षांहून जुन्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये शुल्क आहे. उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो, तो वेगळा.

व्यवहारात अट अशी घाला : नोंदणीचं नूतनीकरण मालकानं स्वतःच्या नावावर करून द्यावं, मगच मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आणि उरलेले पैसे. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र. कर्जाचा बोजा आरसीवर दिसत असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. चेसिस नंबर स्वतः पुसून, आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. मालक वारलेले असतील आणि वारसांच्या नावावर गाडी झालेली नसेल, तर ते होईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न : आताचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या गाडीला चालेल का?
*(एक वाचक, कोल्हापूर)*

चालवावं लागेल, तयारी करून. इथेनॉल जुनी रबरं फुगवतं आणि चिरवतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) सगळे पाइप इथेनॉलला टिकणारे घाला, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचं किट बदला. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी टाकीच्या तळाशी साचून पत्रा आतून गंजतो. महिन्याहून जास्त उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा. टाकीजवळ एक पारदर्शक फिल्टर लावा. पहिले काही महिने त्यात तांबूस गाळ येत राहील, दर पंधरवड्याला बघा. गाडी चढावर दम तोडत असेल आणि प्लग पांढरट दिसत असतील तर मिश्रण पातळ पडतंय, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. जाणत्याकडून कार्ब्युरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा घालून घ्या.

प्रश्न : स्टँडर्ड हेराल्ड पहिली गाडी म्हणून कशी?
*(एक वाचक, बेळगाव)*

रूप देखणं, आणि पुढचा सगळा भाग बॉनेटसकट उचलला जातो, त्यामुळे इंजिनाचं काम आरामात होतं. पण मद्रासच्या त्या गाडीचे भाग आता शोधावे लागतात, आणि वेगळी चेसिस असल्यामुळे वरची बॉडी चकचकीत असूनही खालचा सांगाडा सडलेला निघू शकतो. दुसरी गाडी म्हणून जरूर घ्या.