वर्ग गप्प का बसतो? एका प्राध्यापकांची वही

‘बावीस वर्षं अर्थशास्त्र शिकवतोय. हल्ली वर्गात शिरताना पोटात गोळा येतो. मुलं ढिम्म बसून असतात. मी कालबाह्य झालोय का?’ तालुक्याच्या कॉलेजातल्या एका सरांचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ही तक्रार कॉलेजातल्या शिक्षकांकडून वरचेवर ऐकू येते. शाळेतल्या शिक्षकाला डी.एड., बी.एड. तरी असतं. कॉलेजात नेट-सेटसारखी पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. झाली की थेट फळ्यासमोर. शिकवायचं कसं, हे ज्याचं त्याने बघायचं.

सरांना म्हटलं, ‘तास झाला की थोडं लिहीत जा.’

‘लिहितोच की! अकॅडमिक डायरी भरावी लागते, कॉलेजच्या नॅक मूल्यांकनासाठी.’

‘त्यात काय शिकवलंत ते असतं. वर्गात काय घडलं ते कुठे लिहिता?’

डोनाल्ड शॉन या अभ्यासकाने १९८३ मध्ये व्यावसायिकांच्या चिंतनाचे दोन प्रकार मांडले: काम चालू असताना केलेलं आणि काम उरकल्यावर मागे वळून केलेलं. वर्गात पहिल्याला उसंत कमीच, म्हणून दुसऱ्यासाठी वही.

सरांची पहिली पानं मात्र अशी: ‘आज पुन्हा फसलो. यांचा पायाच कच्चा.’ हे चिंतन नव्हे, निकालपत्र झालं. असं रोज लिहिलं तर माणूस आणखी खचतो. मी सुचवलं, शेरे नकोत. दिवसातला एकच तास निवडा. कोण काय बोललं, त्यावर तुम्ही काय केलंत, तेवढंच लिहा. शेवटी एक ओळ, उद्या काय वेगळं करून बघणार. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. (झोप उडाली असेल, कशातच रस उरला नसेल, तर वहीवर भागवू नका, डॉक्टरांना भेटा.)

पुढच्या खेपेला सर वही घेऊनच आले. एक वाक्य पानापानांवर होतं: ‘प्रश्न विचारला. कोणी बोललं नाही. मीच उत्तर सांगितलं.’ मी विचारलं, ‘मध्ये किती वेळ थांबलात?’ सर गप्प.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात नेमकं हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. तीन सेकंदांच्या पुढे थांबले, की मुलांची उत्तरं लांबत आणि न बोलणारीही बोलू लागत.

सरांनी वहीत लिहिलं, ‘उद्या मनात पाच आकडे मोजायचे.’ मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, हा धडा चालू होता. ‘मीठ महागलं तर कमी खाल का?’ शांतता. चौथ्या आकड्याला मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मीठ तेवढंच लागेल, सर. पण पेट्रोल वाढलं की आम्ही तिघं एकाच गाडीवर येतो.’ इतक्या वर्षांत हे उदाहरण सरांना सुचलं नव्हतं! त्या दिवशीचं पान दोन्ही बाजूंनी भरलं होतं.

हजेरी अजूनही फारशी वाढलेली नाही. ती वहीने वाढणारही नाही. एसटीची वेळ, अर्धवेळ नोकऱ्या हे प्रश्न वेगळे. पण ‘मी संपलो’ याऐवजी सर आता ‘परवाचा तास का रेंगाळला’ असं बोलतात.

मध्यंतरी त्यांनी विचारलं, ‘ही वही पदोन्नतीच्या फायलीला जोडू का?’ मी नको म्हटलं. कोणी तपासणार म्हटलं, की ‘मीच उत्तर सांगितलं’ हे वाक्य आधी गायब होईल. दाखवायचीच तर शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या मॅडमना दाखवा, आणि त्यांचीही मागा.