पिकअपला 31 इंची टायर बसवले तर घासतील का? (सोलापूर)

दादा, तुम्ही लिहिलंय की डबल केबिन पिकअपला कंपनीचे 215/75 आर 15 टायर आहेत, त्या जागी 31 बाय 10.5 (31 इंच उंच, साडेदहा इंच रुंद) चढवायचेत, आणि टायरवाला म्हणतो, "बसतात की ओ, कुठं काही घासत नाही." तो खोटं बोलत नाही. त्याच्या दुकानात गाडी रिकामी असते, फरशी सपाट असते, स्टेअरिंग सरळ असतं. तशा गाडीला बरंच काही बसतं.

मीही असंच ऐकून बसवले होते. पहिले चार दिवस आसरा चौकातून उगाच दोन फेऱ्या जास्त मारल्या, खोटं कशाला बोलू. पाचव्या दिवशी सांगोल्याहून डाळिंबाचे 50 क्रेट भरले, म्हणजे टनभर माल. मंगळवेढ्याच्या अलीकडं एका स्पीडब्रेकरवर मागून खर्रर्र आवाज आला आणि जळक्या रबराचा वास. उतरून बघतो तर दोन्ही मागचे टायर बॉडीच्या पत्र्याला घासून वरून सोललेले. उरलेला रस्ता तीसच्या स्पीडनं काढला.

हिशोब सोपा आहे, मी तो पैसे दिल्यावर केला. 215 मिलिमीटर रुंदी, तिच्या 75 टक्के म्हणजे 161 उंची, ती वर-खाली दोनदा, अधिक 15 इंची रिमचे 381. झाले साधारण 703 मिलिमीटर, म्हणजे पावणेअठ्ठावीस इंच. 31 इंच म्हणजे 787. व्यासात 84 चा फरक. त्यातला निम्मा, 42 मिलिमीटर, गाडी उचलतो आणि उरलेला निम्मा टायरच्या डोक्यावरची जागा खातो. माल भरल्यावर पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बसतात तेव्हा नेमकी तीच जागा लागते.

रुंदीचंही तसंच. 10.5 इंच म्हणजे 267 मिलिमीटर, 52 ची वाढ. जुन्याच ऑफसेटचा, म्हणजे चाक पहिल्याइतकंच आत-बाहेर ठेवणारा रिम असेल तर 26 आत, 26 बाहेर. आत चेसीजवळ अडतंय म्हणून बाहेर निघणारा रिम किंवा स्पेसर (चाक बाहेर सरकवायला रिमच्या मागं बसवायची धातूची चकती) टाकला की स्टेअरिंग पूर्ण कापताना टायर मडगार्डच्या कोपऱ्यात जातो. घासणं थांबत नाही, जागा बदलतं एवढंच. शिवाय चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो. माझ्या ओळखीच्या एकाचे स्पेसर लावल्यावर विजापूर रोडला दोन नट सैल निघाले. स्पेसर मालवाहू गाडीला मी लावणार नाही, कुणी फुकट दिले तरी.

रिमवर कोरलेला आकडा बघितलात का? 31 बाय 10.5 ला 7 ते 9 इंच रुंदीचा रिम लागतो. तुमचा त्यापेक्षा अरुंद निघाला तर टायर मधून फुगतो, मधेच झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. म्हणजे रिमही नवे आले. आणि खर्च पाच चाकांचा धरा, चारचा नाही. स्टेपनी जुनी ठेवली आणि मागं पंक्चर झालं तर एका बाजूला लहान, दुसऱ्या बाजूला मोठं चाक, आणि मागच्या गोळ्यातले, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमधले गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात. 31 ची स्टेपनी बॉडीखाली मावते का, तेही आधी मोजा.

चालवताना काय होतं? चाक 12 टक्के मोठं, म्हणून प्रत्येक गिअर तेवढा जड. रिकाम्या गाडीला हायवेवर कळत नाही. माल भरून तुळजापूरचा घाट चढा, तिसऱ्यात चढायची जागा दुसऱ्यात येते आणि क्लच वास मारतो. ब्रेकलाही तेवढाच जास्त जोर लावावा लागतो. मीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 89 च्या वर असते. किलोमीटरही कमी मोजले जातात. 100 दिसले तर 112 झालेले असतात. त्यामुळं "एव्हरेज पडलं" म्हणून ओरडणाऱ्यांचं थोडं तरी एव्हरेज मीटरनंच खाल्लेलं असतं.

आता चिखल. वस्तीवर जायच्या रस्त्यासाठी पाहिजेत असं तुम्ही म्हणता. आपली काळी माती चिकट. रुंद टायरच्या बारीक नक्षीत ती भरली की टायर गुळगुळीत होतो, मग तो 28 चा असो नाहीतर 31 चा. तिथं रुंदीपेक्षा मोकळी, खोल नक्षी कामाची, म्हणजे माती फिरता फिरता सुटते.

कागदाचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागं 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालवाहू गाडीला पासिंग असतंच, तिथं हे डोळ्यात येतं. अपघातात विमावाल्याला कारण मिळतं ते वेगळंच.

मी शेवटी 235/75 आर 15 वर आलो. व्यास साधारण 733, म्हणजे वाढ चार टक्के, गाडी 15 मिलिमीटर वर. रिम 6 इंचाचा असेल तर तोच चालतो. तुमच्या मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी हा साइज देते का ते डीलरकडं विचारा. देत असेल तर निम्मी डोकेदुखी तिथंच संपते. घेताना टायरवर लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, वाचा: 100 म्हणजे एका टायरला 800 किलो, 109 म्हणजे 1030. कंपनीच्या टायरपेक्षा हा आकडा कमी असलेला कारचा टायर दिसायला मोठा असला तरी घेऊ नका. मे महिन्यात इथं पारा 43 च्या वर जातो, डांबर त्याहून तापतं. कमी हवेवर लोड ओढला तर टायरची बाजू फुटते. हवा सकाळी, टायर गार असताना बघा.

तरीही 31 च हवे असतील तर पैसे द्यायच्या आधी त्याच्याकडून दोन चाकं एका बाजूला चढवून घ्या, मागं टनभर वाळूची पोती टाका, एक चाक फुटपाथवर चढवा आणि स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण कापा. टायरवाला तयार झाला नाही तर समजून घ्या.