पिग्मीची वही आहे, आता बोर्डावर काय लिहू?

प्रश्न: ताई, मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला, वय २६, बीकॉम झालंय. तीन वर्षं एका सोसायटीची पिग्मी (रोजची छोटी बचत) गोळा करतोय, रोज साठ-सत्तर दुकानं. आता फायनान्शियल अ‍ॅडव्हायजर व्हायचंय. मामा म्हणतात एलआयसीची एजन्सी घे, मित्र म्हणतो म्युच्युअल फंड कर. पिग्मी सोडू का?

उत्तर: अरे, पिग्मी लगेच सोडू नको, हे पहिलं. फंडाचं काम करायला एनआयएसएमची (शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीची ती संस्था) ५-ए परीक्षा द्यायची, ५० टक्क्यांना पास, मग अ‍ॅम्फीकडनं (फंड कंपन्यांची संघटना ती) एआरएन, म्हणजे फंड विकायचा नोंदणी नंबर घ्यायचा, बीकॉमवाल्याला त्यात काय अवघड नाही. अवघड पुढंच आहे. समजा १०० घरांची महिना २,००० ची एसआयपी (फंडातला दरमहाचा हप्ता) लावलीस (किती चहा प्यावे लागतील बघ), तर वर्षाअखेर २४ लाख जमतात, त्यावर ट्रेल कमिशन (पैसे फंडात राहतील तोवर दर वर्षी मिळणारं) ०.८ टक्के धरलं तर वर्षाला १९-२० हजार. पेट्रोललाच गेले की! पूर्वी अपफ्रंट, म्हणजे विकतानाच आगाऊ कमिशन मिळायचं, ते सेबीनं २०१८ ला बंद केलं.

एलआयसीत पहिल्या वर्षी कमिशन जास्त, म्हणून मामांना ते बरं दिसतंय. टर्म प्लॅन (नुसता विमा) लोकांना लागतोच, वाईट काय नाही. पण आमच्या गल्लीत एक सुभेदार रिटायर होऊन आले, फंड-ग्रॅच्युइटी हातात आली आणि ओळखीच्याच एकानं त्यांना दहा वर्षं प्रीमियम भरायची मोठी पॉलिसी घ्यायला लावली, तिसऱ्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं, सरेंडर करायला गेले तर भरल्यापेक्षा कमीच परत. आता बाजारात दोघं समोरासमोर आले की तो एजंटच गल्ली बदलतोय.

आणि हो, बोर्डावर 'अ‍ॅडव्हायजर' लिहू नको. कमिशनवर फंड विकणारा तो डिस्ट्रिब्युटर, त्याला तो शब्द वापरायला सेबीची परवानगी नाही. फी घेऊन सल्ला द्यायचा तर सेबीकडं इन्व्हेस्टमेंट अ‍ॅडव्हायजर म्हणून रजिस्टर व्हावं लागतं, त्याला १०-ए आणि १०-बी अशा दोन परीक्षा, ६० टक्के लागतात. पण आपल्याकडं नुसत्या सल्ल्याचे पैसे कोण देतंय, वकिलालासुद्धा लोक चहावरच विचारतात. ते पाच-सात वर्षांनी बघ.

तुझ्याकडं ती वही आहे ना, कोण गणपतीआधी पैसे काढतो, पावसाळ्यात कुणाचा धंदा बसतो, सगळं तुला पाठ असणार, हे शहरातल्या सुटाबुटातल्या पोराला कुठनं कळणार. फक्त सोसायटीच्या फेरीत फंडाचा विषय काढू नको, संध्याकाळी वेगळा जा. कन्नड येत असेल तर बैलहोंगलकडंही गिऱ्हाईक मिळेल. परीक्षेची तारीख आधी घे, मामांना मग सांग.