स्वतःच्याच वजनात काटा

प्रश्न : रावेर तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीची मी दोन वर्षांपासून अध्यक्ष आहे. दहा संचालकांत महिला मी एकटीच. केळीला चांगला भाव मिळवून दिला की वाटते, बाजारच तेजीत होता. बँकेचे कर्ज मंजूर झाले की वाटते, व्यवस्थापक भले होते. व्यापारी आजही फोन माझ्या यजमानांनाच करतात. ताळेबंदावर सही करताना हात थबकतो. महिलेला जागा द्यायची म्हणून मला बसवले आणि एक दिवस हे सर्वांसमोर उघड होईल, अशी भीती वाटते. अध्यक्षपद सोडावे का?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : ताई, व्यापाऱ्याने केळीच्या वजनात काटा मारला तर तुम्ही त्याला बांधावरच अडवाल, स्वतःचे काम मोजताना मात्र तुम्हीच काटा मारत आहात. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांमधील नेमक्या याच भावनेचे वर्णन केले होते. पुढे ती पुरुषांतही आढळली. तिला आज 'इम्पोस्टर सिंड्रोम', म्हणजे आपण तोतया आहोत असे वाटत राहणे, म्हणतात. मला हा शब्द रुचत नाही, कारण त्याने आजाराचा भास होतो आणि व्यापाऱ्यांचे ते फोन नजरेआड होतात. यजमानांनी 'अध्यक्षांशीच बोला' एवढे सांगून फोन ठेवावा.

ताळेबंदाची गोष्ट वेगळी आहे. तेथील शंका खरी असू शकते आणि तिला धीराच्या शब्दांनी गप्प करणे धोक्याचे ठरेल. हिशेबनिसाला समोर बसवून मागील वर्षाचा ताळेबंद ओळीने समजून घ्या : भागभांडवल किती, कर्ज किती, व्यापाऱ्यांकडे अडकलेले येणे किती. समजल्याशिवाय सही करू नका आणि 'हे मला कळले नाही' असे सभेतही मोकळेपणाने विचारा. गप्प बसलेल्या संचालकांपैकी दोघे-तिघे तरी त्या प्रश्नाने मनातून सुखावतील.

जळगावच्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये आमदार झाल्या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या, हे सांगण्याचा मोह होतो. पण अशा तुलनेने तुमची भीती वाढेलच. त्यापेक्षा तालुक्यातील दोन-तीन महिला सरपंचांना भेटा. पंचायतींतील निम्म्या जागा २०११ पासून राज्यात महिलांना राखीव आहेत, त्यामुळे 'जागा होती म्हणून बसवले' हे वाक्य त्यांनीही ऐकलेले असेल. क्लान्स आणि आइम्स यांनीही गटात बोलण्याचा उपाय सुचवला होता, कारण डोळ्यांसमोर दिसणारे कर्तृत्व दुसरी स्त्री नाकारू लागली की आपल्या बोलण्यातील फोलपणा आपोआप कळतो.

राजीनाम्याचा विचार पुढच्या ताळेबंदानंतर करावा. तो समजून घेऊन सही केल्यावरही पद नकोसे वाटले तर जरूर सोडा. त्या वेळी कारण निदान भीतीचे नसेल.