मशेरी थुंकली तरी बाळापर्यंत पोचते

प्रश्न : मॅडम, मी गुहागर तालुक्यातली, पहिलटकरीण, सहावा महिना चालू आहे. माहेरापासून मशेरीची सवय, सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही आणि दुपारी भांडी आवरली की एकदा लागतेच. आशाताईंनी विचारलं तेव्हा नवरा बाजूलाच होता, त्याला वाटतं मी कधीच सोडली, म्हणून नाही म्हणाले. सासूबाईंना माहितीये, दोघींची डबी एकच. त्या म्हणतात आम्ही चार बाळंतपणं मशेरी लावूनच केली, मशेरी म्हणजे काय दारूगांजा आहे? पण आता सोनोग्राफीत बाळ जरा लहान दिसतंय म्हणाले, तेव्हापासून झोप नाही.

उत्तर : सासूबाईंचं आधी बघू. मशेरी म्हणजे तंबाखूच, तव्यावर काळी होईस्तोवर भाजून चुरलेली. भाजली म्हणून त्यातलं निकोटिन जात नाही. आणि आपण थुंकतो म्हणजे पोटात गेली नाही असं बायका धरून चालतात, पण हिरड्यांवरची कातडी इतकी पातळ असते की निकोटिन तिथूनच रक्तात उतरतं, गिळायला लागतच नाही. लावल्यावर थोड्या वेळात जरा बरं वाटतं ना, हात चालायला लागतात? तीच नशा. रक्तातून ते वारेत आणि वारेतून बाळात.

निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, वारेकडे रक्त कमी जातं, मग बाळाला खाणं आणि ऑक्सिजन दोन्ही कमी. पोफळीच्या बागेत शिपणं चालू असताना वर कुणी पाटात माती ओढली तर खालच्या आळ्यांत पाणी पोचेल का, तसंच हे. मुंबईत १२१७ गरोदर बायकांची पाहणी झाली होती, २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. मशेरी, तंबाखू असलं काही वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि साधारण सहा दिवस आधी आली. १०५ ग्रॅम म्हणजे हातातला मोबाईलही जास्त भरेल, पण आपल्याकडची कितीतरी बाळं मुळातच अडीच किलोच्या काठावर असतात, त्यांना तेवढंच नडतं. पुढे त्याच पाहणीत पोटातच बाळ दगावण्याचं प्रमाणही अशा बायकांत जास्त निघालं. सरासरी म्हणजे सगळ्यांचंच वाईट होतं असं नाही, सासूबाईंची चारही निभावली, छान झालं, पण पाचव्याची गॅरंटी त्यातून मिळत नाही.

बाळ लहान दिसण्याला मशेरी एकटीच कारण असेल असंही नाही हं. रक्त कमी असेल, बीपी असेल, पाळीची तारीखच चुकीची धरलेली असेल. म्हणून डॉक्टरांना खरं सांगा, नवऱ्याला बाहेर बसवून सांगा हवं तर. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथेही बोलता येईल.

आणि आता सोडून काय उपयोग असं म्हणू नका, बाळाचं वजन खरं वाढतं ते शेवटच्या तीन महिन्यांतच, ते तुमच्या हातात आहेत. पहिले तीनचार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, भांडी आपटाल, होऊ दे. पोट साफ होण्यासाठी सकाळी कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका, तेवढ्याने नाही झालं तर डॉक्टर गरोदरपणात चालणारं औषध देतात. दुपारच्या तलफेला बडीशेप नाहीतर आवळकाठी तोंडात ठेवा, सुपारी मात्र नको, तीही नशाच आहे. निकोटिनचं च्युइंगम मेडिकलमधून परस्पर आणू नका. १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखू सोडायची हेल्पलाईन आहे, फोन फुकट लागतो.

सासूबाईंना एवढंच सांगा की डबी त्यांच्या कपाटात ठेवा आणि भाजायची ती तुम्ही घरात नसताना. माझी आजी पडवीत भाजायची, आम्ही पोरं खोकत खळ्यात पळायचो, तो धूर मला अजून आठवतो.

प्रश्न : मालवणची आहे, लग्नाला आठ महिने. मुंबईत जॉबला असताना मित्रांबरोबर गांजा ओढायचे. प्रेग्नंट आहे हे कळायला दोन महिने गेले, त्यात तीनचार वेळा ओढला गेला. मूल मतिमंद होईल का? पाडून टाकू का?

उत्तर : फक्त ह्या भीतीपायी पाडायचं ठरवू नका. गांजातला नशेचा भाग वारेतून बाळापर्यंत जातो, चालूच ठेवला तर वजन कमी भरणं, दिवसाआधी येणं हा धोका वाढतो, म्हणून आजपासून पूर्ण बंद. पण तीनचार वेळा ओढला म्हणजे मूल बिघडलंच असं कुणीही सांगू शकत नाही. अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका आणि तिथे गांजाचं सांगून टाका.

१९८० च्या दशकात अमेरिकेत कोकेन घेणाऱ्या आयांच्या बाळांबद्दल असाच हलकल्लोळ झाला होता, ही पिढी वाया गेली म्हणून पेपर भरून यायचे. फिलाडेल्फियात कोकेन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या आयांच्या मिळून २२४ गरीब घरच्या बाळांवर मोठी होईस्तोवर लक्ष ठेवलं, तर बुद्धीत दोन्ही गटांत फार फरक निघाला नाही, दोन्ही मागेच होते आणि त्याला गरिबीचा हात जास्त दिसला. कोकेन चालतं असा ह्याचा अर्थ नाही, त्यातही वेळेआधी वार सुटण्याचा धोका असतोच. उलट हेरॉइनसारख्या अफूच्या जातीतलं काही रोज घेणारी कुणी हे वाचत असेल तर तिने ते मनाने एकदम बंद करू नये, त्याने बाळालाही त्रास होतो, डॉक्टर औषधावर ठेवून उतरवतात.

प्रश्न : बाळंतिणीला थंडी बाधू नये म्हणून आमच्याकडे चमचाभर ब्रँडी देतात. दूध पाजताना चालेल?

उत्तर : नको. दारू दुधात उतरते. थंडीला शेकशेगडी आणि सुंठीची पेज आहेच की.