सारेकला येताय, तर आधी मुलं मोजा

‘स्वीडनमध्ये वूल्व्हरीनच्या प्रकल्पात पीएचडीची जागा मिळतेय. नवरा आणि सहा वर्षांची मुलगी सोबत. येऊ का?’ असं तुम्ही विचारलंय. (वूल्व्हरीन म्हणजे छोट्या अस्वलासारखा दिसणारा, थंड प्रदेशातला मांसाहारी प्राणी.) पगार, विमा, परवाना हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते मी उगाळत नाही. तुमचा प्रश्न वाचून माझी झोप उडाली, म्हणून लिहायला बसले.

काम सोन्यासारखं आहे, त्यात वाद नाही. उत्तर स्वीडनमधल्या सारेकच्या डोंगरांत 1993 पासून हा अभ्यास चाललाय, आणि इतकी वर्षं का लागतात ते इथे आल्यावरच कळतं. एका मादीचा इलाखा साधारण 170 चौरस किलोमीटर, नराचा साडेसहाशेच्या वर. तीन-चार वर्षांची होईपर्यंत मादी सहसा पिल्लं देत नाही, पुढेही दरवर्षी देतेच असं नाही. म्हणजे तुमच्या चार वर्षांत एका मादीची जेमतेम दोन बाळंतपणं दिसली तरी नशीब. बाकीचं आधीच्यांनी गोळा केलेलं वापरायचं आणि आपलं पुढच्यांसाठी ठेवून जायचं.

मला सगळ्यात भावली ती भरपाईची पद्धत. यार्व (वूल्व्हरीनचं इथलं नाव) रेनडिअर मारतो, म्हणून ते पाळणाऱ्या सामी लोकांना (उत्तरेतले मूळ रहिवासी) पूर्वी मेलेल्या जनावरामागे पैसे मिळायचे. 1996 पासून हिशेब उलटा झाला: त्यांच्या चराईच्या भागात मादीने पिल्लं दिल्याची खात्री पटली की दोन लाख क्रोनर, मग रेनडिअर किती मेले ते कुणी विचारत नाही. मारलेल्या मादीपेक्षा जिवंत मादी मोलाची झाली. अवैध शिकार संपली नाही, पण यार्वची संख्या वाढली. हे पैसे मोजणीवर ठरतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये बर्फातल्या माग-खुणांवरून पिल्लांची बिळं शोधत फिरावं लागतं. एक बीळ कागदावर चढलं नाही, तर ती पिल्लं जन्मलीच नाहीत असं समजा.

एकटेपणाचं सगळेच विचारतात. असतो. हिवाळ्यात जास्त. पुढे चला.

आता शाळेचं. मुलाची घरची भाषा वेगळी असेल तर शाळेत ती शिकायची सोय इथे आहे, पण नगरपालिकेवर बंधन येतं ते किमान पाच मुलं आणि शिकवायला योग्य माणूस मिळाला तर. आमच्या मराठीची चार भरली. सामी मुलांना ही पाचाची अट नाही, आणि ते योग्यच आहे. त्यांची भाषा शाळांनीच पुसायला घेतली होती. पण चार म्हणजे नाहीच? मी तीन पत्रं लिहिली. तिन्हींना तेच उत्तर आलं, शब्दही न बदलता. शिक्षिका तयार होती हो!

खरं सांगायचं तर पाचवं मूल होतं. गावाबाहेर एक कुटुंब राहायला आलं होतं. त्यांना भेटून फॉर्म भरून घेऊ, असं मी फेब्रुवारीत ठरवलं. मग हंगाम सुरू झाला, मी पाच आठवडे वर उत्तरेत. परत आले तेव्हा मुदत उलटली होती, आणि पुढच्या वर्षी ते लोक दुसऱ्या गावी गेले. त्या हंगामात माझ्या वाट्याच्या भागातलं एकही बीळ सुटलं नव्हतं. साहेबांनी कौतुक केलं, मीही फुशारले.

नवरा यावर काही बोलत नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

मुलगी आता तेरा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती स्वीडिशमध्ये उत्तर देते. आजीशी फोनवर ‘हो’, ‘नाही’, ‘बरी आहे’.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: या. पण सही करण्याआधी नगरपालिकेला एक मेल टाका आणि आकडा विचारा. तुमची मुलगी धरून चार होत असतील, तर मला कळवा. मी माझ्या लेकीला विचारून बघेन, ती बसते का.