फॅन पाचवर आणि तुम्ही हॉलमध्ये

"माई, मी ५१ वर्षांचा, बायको ४७. नाशिकला राहतो, दोघंही नोकरी करतो, आई आमच्याजवळ असते, मुलगा बारावीला. गेलं वर्षभर बायको ओळखूच येत नाही. साध्या बोलण्यावरून भडकते, मग रडते. रात्री दोन-तीनदा उठते, फॅन पाचवर करते. मला थंडी बाधते म्हणून जूनपासून मी हॉलमध्ये झोपतोय. तिची पाळी कधी दोन महिने येत नाही, आली की आठ-दहा दिवस जात नाही. काय होतंय विचारलं की 'काही नाही'. मी मदत करायला तयार आहे, तिने फक्त सांगावं. बाकी नवरा-बायकोचं म्हणाल तर ते वर्षभर बंदच आहे. नाव छापू नका, ती तुमचं सदर वाचते."

भाऊ, तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्याला अडकले. "तिने फक्त सांगावं". अहो, सांगणं हे पण कामच असतं. मुलाच्या क्लासची फी कधी भरायचीय, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात, उद्या डब्याला भाजी काय, गॅस बुक केलाय का, हे सगळं जिच्या डोक्यात असतं तिच्याच डोक्याला सध्या रात्रीची झोप नाही, बोलता बोलता शब्द आठवत नाही, आणि वर तुम्ही म्हणताय की त्यात माझ्या नावाची पण एक यादी कर. मग ती "काही नाही" म्हणते, कारण सांगत बसण्यापेक्षा स्वतः करून टाकलेलं परवडतं.

आता होतंय काय ते बघा. पाळी सलग १२ महिने आली नाही की तिला मेनोपॉज म्हणतात. आपल्याकडच्या बायकांची पाळी साधारण ४६-४७ ला जाते, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. पण खरा गोंधळ असतो त्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांत, तेव्हा हॉर्मोन्स आज वर उद्या खाली असतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून ती त्यातच दिसतेय, नक्की काय ते डॉक्टर सांगतील. तो फॅनचा प्रकार म्हणजे अंगातून वाफा येणं. मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग इतका हळवा होतो की जरासा उबारा वाढला तरी त्याला वाटतं आग लागली, मग छातीपासून तोंडापर्यंत भडका उठतो, दोन-चार मिनिटं तो, मग घाम, मग ओल्या गाऊनमध्ये थंडी. माझ्या वेळी मी पोळ्या करता करता गॅस बंद करून फ्रीजचं दार उघडून उभी राहायचे आणि आमचे हे बाहेरून ओरडायचे, अगं बिल वाढेल. त्यांना ते वाक्य मी अजून ऐकवते.

तर पहिलं काम, हॉलमधून खोलीत या. तुम्हाला थंडी वाजली म्हणून तुम्ही गेलात, ठीक, पण तिला काय कळलं असेल? रात्री घामाने भिजून उठतेय आणि शेजारची जागा रिकामी. तिला सांगून, विचारून गेला असतात तर गोष्ट वेगळी होती, काही जोडपी झोपेसाठी आनंदाने वेगळी झोपतात. तुम्ही नुसती उशी उचलून गेलात. आपली वेगळी जाड दुलई घ्या, तिच्या बाजूला पातळ सुती चादर, उशाशी पाण्याची बाटली, एक सुका गाऊन. आणि मध्यरात्री ती उठली तर "परत काय झालं" म्हणायचं नाही.

दुसरं, तुमची आई. पत्रात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे पण मी घरं बघितलीत. "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही" हे वाक्य तुमच्या घरात बोललं गेलंय की नाही, खरं सांगा. त्यांच्या वेळीपण होतं, फक्त विचारायला कोणी नव्हतं. हे त्यांना तुम्ही सांगायचं, बायकोने नाही. आणि आता गौरी-गणपती येतील. पाळीचा नेम राहिला नाही की आपल्याकडे पहिली धावपळ होते ती पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची, मैत्रिणीने सांगितल्या, मेडिकलमधून आणल्या, घेतल्या. आधीच रक्तस्राव बिघडलेला असताना असल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. त्याऐवजी तुम्ही आईला म्हणा, यंदा पाळी आली तर आली, गौरी मी आणि पोरगा बसवू, पुरणही आपण करू नाहीतर विकत आणू. घरात वादळ होईल थोडं. होऊ दे, यावेळी ते तुमच्या अंगावर घ्या.

डॉक्टरकडे मात्र टाळाटाळ नको. "वयाचं आहे, होतं असं" म्हणून आठ-दहा दिवस अंगावर जाणं सोसत बसू नये. दर तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं का, गुठळ्या पडतात का, चढताना दम लागतो का, हे विचारा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तर बघायलाच हवं, कारण थायरॉइड बिघडलं तरी अशीच चिडचिड आणि थकवा येतो, डॉक्टरांना वाटलं तर सोनोग्राफी. पुढे कधी पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी पडला तरी लगेच दाखवायचं. अपॉइंटमेंट तुम्ही घ्या, तारखा तुम्ही लिहून ठेवा, आत यायचं की बाहेर बसायचं ते तिला विचारा.

आणि पहिल्याच फेरीत कोणी "पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल" म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. कधी कधी ते ऑपरेशन खरंच लागतं, पण उगाच केलेली पण खूप आहेत, बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ ला गाजलं ते विसरू नका. मेनोपॉजच्या त्रासावर देतात त्या हॉर्मोनच्या औषधांचं उलटं, त्यांना लोक भुतासारखं घाबरतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर ही भीती बसली, नंतर कळलं की साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला बहुतेक वेळा फायदाच जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गाठी होऊन गेल्या असतील तर सहसा देत नाहीत. घ्यायची की नाही ते ती आणि डॉक्टर ठरवतील, तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप नाही.

आता तुमची ती शेवटची ओळ, जी तुम्ही घाईघाईत लिहून टाकलीत. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हॉर्मोन, कमी झालं की आतून कोरडेपणा येतो, संबंध आले की जळजळ होते, दुखतं. ते सांगायची लाज वाटते म्हणून बाई आधीच कूस बदलते आणि नवऱ्याला वाटतं हिला मी नकोसा झालो. मेडिकलमध्ये ल्युब्रिकंट मिळतं, तुम्ही जाऊन आणा, लाजायचं तर तुम्ही लाजा. त्याने भागलं नाही तर लावायचं क्रीम असतं, ते डॉक्टर देतात. पण हे सगळं तिला हवं असेल तर. आधी नुसते पाय चेपून द्या, आणि त्याच्यापुढे काही मागू नका, तेवढ्यावरच झोपा. (पाळी अनियमित असली तरी दिवस राहू शकतात बरं का, नंतर मला पत्र नको.)

एक गोष्ट अजिबात करायची नाही. भांडणात "तुझं ते मेनोपॉजचं चाललंय" म्हणायचं नाही. तिचा राग हॉर्मोनमुळे दुप्पट झाला असेल, पण ओला टॉवेल बेडवर तुम्हीच टाकलेला असतो ना? मुद्दा खरा असतो. पण ती सतत उदास असेल, "जगून काय करू" असं काही बोलली तर मात्र ते रागाचं बोलणं समजून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन पण आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

नाव छापलं नाही. पण ती हे वाचते म्हणालात, तर फॅनवरून आणि हॉलवरून तिने तुम्हाला ओळखलं असणार, तेव्हा संध्याकाळी ती घरी यायच्या आत गादी उचलून आत नेलेली बरी. दुलई जाडच घ्या.

— माई